शुक्राच्या चांदणीवरचे नाव : डॉ. आनंदीबाई जोशी



पहाटे अंगणात सडा घालायला बाहेर यावे आणि पूर्वेकडे ती ठळक, पांढरीशुभ्र चांदणी दिसावी, हा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही? काही महिने ती पहाटे पूर्वेला दिसते, काही महिने दिवेलागणीला पश्चिमेला. आपल्या बीड जिल्ह्यातील बायकांची आणि तिची ओळख तर फार जुनी. दसरा-दिवाळी उरकली की कोयता घेऊन कारखान्यांच्या भागात ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बहिणी रात्र सरण्याआधीच चूल पेटवतात. हातात घड्याळ नसले तरी शुक्र किती वर आला यावरून वेळ ओळखण्याची रीत आपल्या आज्यांपासून चालत आली आहे.

याच शुक्रावर एका मराठी बाईचे नाव आहे, हे मात्र फार थोड्या जणींना ठाऊक असेल. ते नाव डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. त्यांचे चरित्र शाळेच्या पुस्तकात आपण वाचले आहे, नाटकात आणि चित्रपटात पाहिले आहे. तरी आज पुन्हा एकदा ते शांतपणे आठवावे असे वाटले. कारण त्या ज्या गोष्टीसाठी सातासमुद्रापलीकडे गेल्या, ती गोष्ट आपल्या जिल्ह्यात आजही पुरती साधलेली नाही.

प्रथम हे आकाशातले नाव म्हणजे काय ते सांगते. पौर्णिमेच्या चंद्रावर जे डाग दिसतात त्यांना आपण लहानपणी हरिण म्हटले, ससा म्हटले. दुर्बिणीतून पाहिले तर तेथे असंख्य वाटोळे खळगे दिसतात. अवकाशातून प्रचंड वेगाने येणारा दगड आदळला की क्षणात तेथली जमीन वितळते, चहूकडे उधळते आणि मागे वाडग्यासारखा खड्डा राहतो. यालाच विवर म्हणतात. असा खड्डा पाहायला चंद्रावर जाण्याचीही गरज नाही. आपल्याच मराठी मुलखात, बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर अशाच आघाताने काळ्या पाषाणात झालेले आहे आणि त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. पृथ्वीवर ऊन, वारा, पाऊस असे खड्डे हळूहळू बुजवून टाकतात. चंद्रावर वाराही नाही आणि पाऊसही नाही, म्हणून तेथे लहानसहान विवरेही कोट्यवधी वर्षे तशीच राहतात.

या विवरांना विद्वानांची नावे देण्याची प्रथा आहे. १९१९ साली स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ ही नावे मुक्रर करतो. चंद्रावर आपल्या आर्यभटांच्या नावाचे विवर आहे, आणि डॉ. विक्रम साराभाईंच्या नावाचे सुमारे ८ किलोमीटरचे एक लहानसे विवरही आहे. स्त्रियांची नावे मात्र तेथे अगदीच थोडी. धूमकेतू शोधणाऱ्या कॅरोलिन हर्शेल यांच्यासारख्या काही मोजक्याच. शुक्राच्या बाबतीत हे उलटे झाले. तेथील दोनचार जुनी नावे सोडली तर डोंगर, दऱ्या, विवरे या सर्वांना स्त्रियांचीच नावे द्यायची असे ठरले. मोठ्या विवरांना जगातील कर्तबगार दिवंगत स्त्रियांची आणि लहान विवरांना निरनिराळ्या देशांत मुलींची ठेवतात ती साधी नावे.

शुक्र सदैव दाट ढगांनी झाकलेला असतो. त्यामुळे दुर्बिणीने त्याची जमीन दिसत नाही. १९८९ साली अमेरिकेने मॅगेलन नावाचे यान पाठवले. ते १९९० साली शुक्राजवळ पोहोचले आणि पुढील चार वर्षे ढगांतून आरपार जाणाऱ्या लहरी सोडून त्याने जवळजवळ सगळ्या शुक्राचा नकाशा काढला. त्या नकाशात शुक्राच्या विषुववृत्ताच्या किंचित उत्तरेस, सुमारे ३४ किलोमीटर व्यासाचे एक विवर आहे. त्याचे नाव जोशी. आपल्याकडच्या मापाने सांगायचे तर एका काठावर बीड ठेवले तर गेवराई जवळजवळ दुसऱ्या काठाला येईल, एवढे ते रुंद आहे. जोशी आडनावाची घरे आपल्याकडे गावोगाव आहेत. पण हे जोशी म्हणजे कल्याणच्या जोशांची मुलगी आणि संगमनेरच्या जोशांची सून.

१८६५ साली ३१ मार्चला या मुलीचा जन्म झाला. माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव जोशी. घराणे मूळचे खाऊनपिऊन सुखी, पण पुढे उतरती कळा लागलेले. त्या काळी मुलीचे लग्न लवकर उरकणे हे आईबापांच्या डोक्यावरचे मोठे ओझे असे. १८७४ साली, वयाच्या नवव्या वर्षी, यमुनेचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव पोस्टात कारकून होते. पहिली पत्नी वारलेली, आणि वयाने ते यमुनेपेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. सासरचे नाव आनंदी ठेवले गेले. बायकोला शिकवणार, आणि त्याला कोणी आडकाठी करता कामा नये, अशी अट गोपाळरावांनी लग्नाआधीच घातली होती असे सांगतात.

गोपाळरावांविषयी लिहिताना लेखणी जरा अडखळते. बायकोने शिकावे म्हणून सगळ्या समाजाशी वैर पत्करणारा हा पुरुष. स्वयंपाकघरात वेळ घालवण्यापेक्षा पुस्तक हातात धर म्हणून सांगणारा. आणि अभ्यास झाला नाही म्हणून त्याच कोवळ्या मुलीवर हात उगारणारा, हाताला येईल ती वस्तू फेकून मारणाराही तोच. आनंदीबाईंनी पुढे मोठेपणी पतीला लिहिलेल्या पत्रांत त्या माराची आठवण काढली आहे. त्याच पत्रांत आपल्याला विद्या मिळाली ती त्यांच्यामुळेच, हेही मोकळ्या मनाने मान्य केले आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक झाकून दुसरी सांगणे बरे नाही.

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, आणि पुढे थेट बंगाल. कोल्हापूरला आणि मुंबईला आनंदी मिशनच्या शाळेत जाऊ लागली. हातात पुस्तके घेऊन शाळेला निघालेली लग्न झालेली ब्राह्मणाची मुलगी पाहून लोक हसत, टोमणे मारीत. नवऱ्याबरोबर उघड्या रस्त्याने फिरायला जाणे हासुद्धा तेव्हा गुन्हाच होता.

अशातच वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. वेळेवर योग्य औषधोपचार मिळाले असते तर तो वाचला असता, ही खूणगाठ त्या मुलीच्या मनात कायमची बसली. भगिनींनो, त्या काळी घरोघरी मुले जात. बाळंतिणीही जात. देवाची मर्जी म्हणून डोळे पुसायचे आणि पुन्हा चुलीपुढे बसायचे, हाच रिवाज होता. डॉक्टर होते ते पुरुष, आणि परपुरुषाला नाडी दाखवण्यापेक्षा मरण बरे असे मानणाऱ्या बायका घराघरांत होत्या. या अडाणी पोरीने मात्र डोळे पुसून एक प्रश्न विचारला. बायकांना तपासायला बायकाच का नसाव्यात? आणि त्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या कोणाकडे न मागता स्वतःच व्हायचे तिने ठरवले.

बायकोला अमेरिकेत शिकायला पाठवावे, या हेतूने गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनरी गृहस्थांना पत्र लिहिले होते. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचा सल्ला दिला आणि पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. धर्म सोडायला हे दांपत्य तयार नव्हते, तेव्हा प्रकरण तेथेच संपायचे. पण योगायोग पाहा. १८८० साली न्यू जर्सी प्रांतातील रोझेल या गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोर ते मासिक पडले होते. त्यांनी ते सहज चाळले आणि हिंदुस्थानातील या अनोळखी मुलीची तळमळ त्यांच्या काळजाला भिडली. त्यांनी पत्र धाडले. मग पत्रामागून पत्रे जाऊ लागली. आनंदीबाईंनी त्यांना मावशी मानले. ना जात एक, ना धर्म एक, ना भाषा एक, पण मावशी-भाचीचे हे नाते सख्ख्याहून सख्खे ठरले.

आनंदीबाईंची प्रकृती मुळात नाजूक. डोके दुखे, ताप येई, दम लागे. कार्पेंटरबाई तिकडून औषधे पाठवीत. अशा प्रकृतीच्या मुलीने परक्या, कडाक्याच्या थंडीच्या देशात जावे काय, असे कोणालाही वाटेल. शिवाय समुद्र ओलांडणे हे पाप समजले जाई. बंगालमध्ये श्रीरामपूर येथे असताना तर लोकांनी प्रश्नांचा भडिमार केला. शेवटी १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाई सर्वांसमोर उभ्या राहिल्या. अठरावे वर्ष अजून पुरे व्हायचे होते. त्यांनी इंग्रजीत भाषण केले. आपण अमेरिकेला का जातो, एकट्या का जातो, येथे राहून हे शिक्षण का होण्यासारखे नाही, जातीतून काढून टाकले तर काय करणार, या एकेका प्रश्नाला त्यांनी शांतपणे उत्तर दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हा निश्चय त्यांनी जाहीर केला. हे भाषण वर्तमानपत्रांतून गाजले आणि ठिकठिकाणाहून मदतही आली.

१८८३ साली ७ एप्रिलला कलकत्त्याहून आगबोट निघाली. गोपाळराव बरोबर नव्हते. सोबतीला ओळखीच्या मिशनरी बायका, एवढाच आधार. जवळजवळ दोन महिन्यांनी, ४ जूनला, त्या न्यूयॉर्कला उतरल्या. धक्क्यावर मावशी उभ्या होत्या.

आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. आपल्या पणज्या-खापरपणज्या त्या काळी माहेराहून सासरी जाताना बैलगाडीत पदराआड बसत, आणि बाळंतपण अंधाऱ्या खोलीत, एखाद्या अनुभवी सुईणीच्या भरवशावर होई. हे मनात आणले म्हणजे त्या आगबोटीत बसलेल्या मुलीचे पाऊल केवढे होते ते कळते.

फिलाडेल्फिया शहरात १८५० साली केवळ स्त्रियांसाठी एक वैद्यकीय कॉलेज निघाले होते. त्याच्या प्रमुख रेचल बॉडली या रसायनशास्त्राच्या विदुषी होत्या. त्यांनी आनंदीबाईंना प्रवेश दिला, शिष्यवृत्ती मिळवून दिली आणि मायेने पाठीशी उभ्या राहिल्या. आनंदीबाईंनी तेथेही लुगडे सोडले नाही, कुंकू सोडले नाही, शाकाहार सोडला नाही. आज कोणी म्हणेल की जरा मोकळेपणाने राहिल्या असत्या तर प्रकृतीला बरे पडले असते. पण घरी दिलेला शब्द त्यांना जिवाहून मोठा वाटला. थंडी सोसवत नव्हती, अन्न पुरेसे मिळत नव्हते आणि अभ्यासाचे जागरण रोजचे. क्षयाने याच काळात त्यांच्या शरीरात घर केले.

१८८५ साली तेथे काढलेले एक छायाचित्र पुष्कळ ठिकाणी छापले गेले आहे. तीन विद्यार्थिनी शेजारी शेजारी बसल्या आहेत. एक जपानची केई ओकामी, एक सिरियाची सबात इस्लामबूली आणि मध्ये नाही, कडेला, आपली आनंदी. तिघींच्या अंगावर आपापल्या देशाचा वेष. जगाच्या तीन कोपऱ्यांतून तीन मुली एकाच कामासाठी आल्या होत्या. त्याच वर्षी गोपाळरावही फिरत फिरत तेथे जाऊन पोहोचले.

पदवीसाठी प्रबंध लिहायचा असे. आनंदीबाईंनी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. जुन्या संस्कृत ग्रंथांत बाळंतपणाविषयी काय सांगितले आहे आणि नवे वैद्यक काय सांगते, याचा त्यांनी मेळ घातला. विषय दुसरा कोणता असणार होता? तो दहा दिवसांचा जीव त्या विसरल्या नव्हत्या.

१८८६ साली ११ मार्चला पदवीदान झाले. परदेशी जाऊन पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणारी ही पहिली भारतीय स्त्री. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. दोघींचे दूरचे नातेही होते. कौतुकाची गोष्ट अशी की पंडिता रमाबाईंच्या नावाचेही एक विवर शुक्रावर आहे. त्यांच्या पतीचे आडनाव मेधावी, म्हणून त्या विवराचे नाव मेधावी. फिलाडेल्फियाच्या त्या सभागृहात एकत्र आलेल्या दोन मराठी मैत्रिणी आज शुक्राच्या नकाशातही आहेत.

कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधील स्त्रियांच्या विभागावर आनंदीबाईंची नेमणूक केली. जिच्या शाळेत जाण्याची टिंगल झाली होती, तिलाच त्या शहराने मानाने बोलावले. १८८६ च्या नोव्हेंबरात पतिपत्नी मुंबईला उतरली. स्वागत थाटाचे झाले. पण बोटीतून उतरली ती पदवी मिळवलेली डॉक्टर नव्हे, तर अंथरुणाला खिळलेली रोगी होती. कोल्हापूरला रुजू होणे झालेच नाही. पुण्यात आईजवळ उपचार सुरू राहिले, पण ते लागू पडले नाहीत. क्षयावर खात्रीचे औषध निघायला त्यानंतर साठ वर्षे लागायची होती. १८८७ साली २६ फेब्रुवारीला आनंदीबाई गेल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

मावशींना ही बातमी कळली तेव्हा त्यांनी काय केले? त्यांनी रक्षा मागवून घेतली. पोकिप्सी येथे त्यांच्या घराण्याच्या दफनभूमीत ती ठेवली गेली, आणि ती जागा आजही आहे. नात्याचे एवढे ऋण कोणती सख्खी मावशी फेडील?

दुसऱ्याच वर्षी, १८८८ साली, कॅरोलिन डॉल या अमेरिकन लेखिकेने त्यांचे चरित्र लिहिले. पाठोपाठ काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिले. मराठीत एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे एवढे सविस्तर चरित्र लिहावे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. पुढे श्री. ज. जोशी यांची कादंबरी आली, नाटक झाले आणि २०१९ साली चित्रपटही निघाला.

आता एक गोष्ट मनात येते ती सांगते. पाश्चात्त्यांकडे हा ग्रह सौंदर्यदेवतेचा, म्हणून तेथे स्त्रियांची नावे. आपल्याकडे शुक्र म्हणजे शुक्राचार्य, दैत्यांचे गुरू, मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या जाणणारे. देवांकडे ती विद्या नव्हती. म्हणून बृहस्पतीचा मुलगा कच ती शिकायला परक्यांच्या गोटात एकटा गेला. त्याने नाना हाल सोसले आणि विद्या मिळवली. पण निघताना देवयानीचा शाप पदरी पडला की ही विद्या तुला स्वतःला फळणार नाही. कच म्हणाला की मला न फळो, मी ज्याला देईन त्याला तरी फळेल. ही पुराणातली कथा आपण कीर्तनात कितीदा ऐकली असेल. आनंदीबाईंच्या आयुष्यात ती खरी होऊन गेली. त्याही परक्या मुलखात एकट्या गेल्या, जिवावर उदार होऊन संजीवनी शिकल्या, आणि ती विद्या त्यांना स्वतःला फळली नाही. कोल्हापूरच्या त्या विभागात एकाही बाईची नाडी त्यांच्या हाती आली नाही.

पण दुसऱ्यांना ती फळली काय? फळली. नकळत्या वयात झालेले लग्न नाकारून कोर्टात उभ्या राहिलेल्या रखमाबाई १८८९ साली लंडनला गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि सुरतेला व राजकोटला त्यांनी आयुष्यभर बायकांची सेवा केली. कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनी तर आनंदीबाईंच्याच सुमारास, १८८६ साली, डॉक्टरकीचे शिक्षण पुरे केले होते. त्यानंतर ही वाट रुळत गेली. आज आपल्याच अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. योगेश्वरीच्या दर्शनाला गेलो की पांढरे कोट घातलेल्या, दप्तर खांद्याला लावलेल्या मुली घोळक्याने जाताना दिसतात. त्यांतल्या कितीतरी खेड्यापाड्यांतल्या असतात. त्यांच्याकडे पाहून कोणी हसत नाही. उलट आपल्याही नातीने तसा कोट घालावा असे मनात येते. हे आनंदीबाईंचेच पुण्य.

मग काम संपले काय? येथे खरे बोलले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली अवघ्या ८०७ होत्या. सगळ्या महाराष्ट्रात हा आकडा सर्वांत कमी होता. ज्या विद्येने मुलगी वाचवायची, त्याच विद्येच्या यंत्राने ती मुलगी आहे हे आधी हेरून तिला नाहीशी करण्यात आली, याहून लाजिरवाणी गोष्ट कोणती? आणि २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत आपल्या जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड करणाऱ्या बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर पैसे कापले जातात, दुखणे अंगावर काढावे लागते, पोट दुखते म्हणून गेले तर पुढचा धोका दाखवून शस्त्रक्रिया सुचवली जाते, आणि नीट समजावून सांगायला कोणी नसते. आनंदीबाईंच्या काळी बाई डॉक्टरपर्यंत पोहोचत नव्हती म्हणून मरत होती. आपल्या काळी ती पोहोचते, पण तिचे म्हणणे ऐकून घेणारे माणूस तेथे भेटेलच असे नाही.

म्हणून मला वाटते, आनंदीबाईंचे स्मरण करायचे तर केवळ तसबिरीला हार घालून भागणार नाही. मंडळाने हातात घेण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. गल्लीत कोणा सुनेला दिवस गेले की पहिल्या तीन महिन्यांतच तिची दवाखान्यात नोंद झाली की नाही हे विचारावे. कोणी मोठी शस्त्रक्रिया सांगितली तर घाईने होकार न देता दुसऱ्या डॉक्टरला, जमल्यास अंबाजोगाईच्या किंवा बीडच्या सरकारी दवाखान्यात, एकदा दाखवून यावे, आणि एकटीला न पाठवता आपल्यापैकी कोणी बरोबर जावे. मुलगी झाली की पेढे वाटायला जावे, आणि बर्फी की पेढा असे विचारणाऱ्याला दोन्ही खाऊ घालावेत. ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणी परत आल्या की हळदीकुंकवाला त्यांना आठवणीने बोलवावे, आणि कुंकू लावताना प्रकृती कशी आहे हेही विचारावे. कार्पेंटरबाई काही मोठ्या डॉक्टर नव्हत्या. एका अनोळखी मुलीची हकीकत वाचून त्यांनी एक पत्र लिहिले, एवढेच. पण त्या एका पत्राशिवाय आनंदीबाई झाल्याच नसत्या. आनंदीबाई होणे सगळ्यांना साधत नाही, पण मावशी होणे कोणालाही साधते.

शेवटी पुन्हा त्या चांदणीकडे वळू. दुरून एवढा शीतल दिसणारा शुक्र जवळून पाहिला तर भयंकर आहे. तेथील जमीन शिसे वितळेल इतकी, म्हणजे साडेचारशे अंशांहून अधिक तापलेली असते. हवेचा दाब आपल्याकडच्या नव्वद पटींच्या घरात. ढग आहेत, पण ते पाण्याचे नव्हेत, तीव्र आम्लाचे. हवा इतकी दाट की लहान दगड जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत, वाटेतच फुटून जळून जातात. म्हणून चंद्रावर आहेत तशी अगदी चिमुकली विवरे शुक्रावर नाहीत. तेथे खूण उमटवते ती मोठ्या बळाने आलेली शिळाच.

उद्या पहाटे किंवा दिवेलागणीला ती चांदणी दिसली तर घरातल्या मुलीला हाक मारून दाखवा. तिला सांगा, तेथे एक विवर आहे, त्याला आपल्या एका मराठी बाईचे नाव आहे. ती कोण होती असे मुलगी विचारील. मग दहा दिवसांच्या त्या बाळापासून गोष्ट सुरू करा.